धर्मी धवलारीण

धर्मीमावशी माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा बसलीच नाही. मी दोनदा 'बसा' म्हटलं, तिच्या सुनेनं, सुनंदानं, खुर्ची पुढे ओढली, तरी ती टेबलाची कड धरून उभीच. सत्तरीच्या आसपासचं वय, काळा काटक बांधा, कानांत जड सोनं, आणि अंगात सुनेचा फुलाफुलांचा गाउन. त्या गाउनात ती कुणाच्या तरी घरी अडकून पडलेल्या पाहुणीसारखी दिसत होती.

"मी नाय बसायची," ती म्हणाली. "खुर्ची बाटल तुजी."

मला वाटलं, हे जातीपातीचं काही खूळ असणार. माझं डोकं फिरायला तेवढं पुरतं. मी तोंड उघडणार इतक्यात तिनं पिशवीतून निळ्या प्लास्टिकची घडी काढली. मासळीबाजारात टोपल्यांखाली अंथरतात तसला तुकडा. तो तिनं खुर्चीवर पसरला, चारी कोपरे हातानं सारखे केले आणि मग टेकली.

"बाजारान बसायचे तवा हाच अंथरायचे," ती म्हणाली. "अंथरून तेच हाय. वरचा माल बदलला."

सुनंदा हसली नाही. मी हसले. तेव्हा मावशीनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

माझं काम चारचौघांत सांगता येत नाही. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, ज्यांच्या जोरावर माणूस लघवी आणि संडास धरून ठेवतो, ते दुबळे झाले की त्यांचे व्यायाम मी शिकवते. बाळंतपणानंतर बायका येतात, आणि कॅन्सरच्या उपचारांनंतर येतात. सीवूड्सच्या माझ्या दवाखान्यावर पाटी नुसती 'फिजिओथेरपी' अशी आहे, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेली प्रत्येक बाई शेजारणीला गुडघे दुखतात म्हणून सांगते. माझ्या बाकावर गुडघ्यांची जितकी चर्चा चालते तितकी हाडांच्या डॉक्टरकडेही चालत नसेल. धर्मीमावशीनं पहिल्याच दिवशी या रिवाजाला चूड लावली. बाहेर पडता पडता ट्रॅकसूट घातलेल्या एका बाईंना तिनं खणखणीत आवाजात विचारलं, "तुजा पन गलतंय का गो?" त्या बाई ताडकन उठून गेल्या. पुढच्या आठवड्यात मात्र त्या मावशीची वेळ विचारून घेऊन तिच्याच वेळेला येऊन बसल्या.

तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. औषधं झाली, शेक झाले. रेडिएशनला आमच्याकडे सगळ्या बायका शेकच म्हणतात. कॅन्सर गेला. रिपोर्ट स्वच्छ आले, आणि त्यांच्या दिवाळे गावात, बंदराच्या अलीकडच्या गल्लीत, सुनंदानं पेढे वाटले. पण शेक गाठीपुरता राहत नाही, आजूबाजूचंही भाजतो. मूत्राशय आक्रसतं, स्नायू वाळक्या चामड्यासारखे होतात. मावशी खोकली की कपडा ओला, उठली की ओला, हसली की ओला. तिचं लुगडं गेलं ते यामुळे. काष्ट्यात पॅड ठरत नाही, म्हणून सुनेचा गाउन आला. केस गेले, वजन गेलं, याबद्दल ती कधी बोलली नाही. लुगड्याबद्दल मात्र दर भेटीत एकदा तरी बोलायची.

तपासणीला आत बोट घालावं लागतं हे मी तिला जपून, घाबरत घाबरत सांगितलं. चांगल्या शिकलेल्या बायका इथं रडतात. मावशी आडवी होत म्हणाली, "पाच पोरा सुइनीनं काडली माजी, ती पन कंदिलावर. तुजं एक बोट काय जड हाय?"

पण ती धवलारीण आहे हे मला कळलं ते नंतर, सुनंदाकडून. मी देशावरची. आमच्याकडे लग्न भटजी लावतात आणि बायका मागे बसून गप्पा मारतात. कोळ्या-आगऱ्यांत पूर्वापार धवलारीण लागते. तीही बाईच, बहुतेकदा म्हातारी, विधवा असली तरी चालते. मांडव उभा राहण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं आणि तिनं ते म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. सगळ्यात आधी ती दिवा लावून देवांना मांडवात बोलावते. देव झाले की त्या घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते, एकेकाला नावानं. पणजे, आजे, बाळंतपणात गेलेल्या बायका, होडीवरून परत न आलेले पोरगे. गावातल्या झाडून सगळ्या घरांचे मेलेले मावशीच्या तोंडात होते. "जितं विसरलं तं चालतं," ती म्हणायची. "जितं भांडाला येतं. मेलेलं कया येल भांडाला? बाहेरच्या बाहेर रुसून जातं."

माझ्या लग्नाची तिनं लगेच चौकशी केली. मी सांगितलं, कोर्टात झालं, सही केली, चहा प्यायलो, घरी आलो.

"गानं कोनी म्हटलं?"

"कुणीच नाही."

"तुज्या मेलेल्या आजीला कोनी बोलवलं?"

"मावशी, जिवंत मामालासुद्धा बोलावलं नव्हतं."

तिनं माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की मलाच आजारी असल्यासारखं वाटलं. त्यानंतर ती माझ्या नवऱ्याचा उल्लेख 'तुजा त्यो मानूस' असा करायची. लग्न लागलंच नाही तर नवरा कुठून येणार? मी चिडवायला म्हणायचे, मावशी, आता लावून द्या एकदा. ती गंभीरपणे म्हणायची, "कोरडी झाले का येते."

ती माझ्याकडे का येत होती हे तिनं पहिल्याच आठवड्यात स्वच्छ सांगितलं होतं. नातीचं, प्रणालीचं लग्न ठरलं होतं. पावसाळा उलटला की मांडव. प्रणाली म्हणजे सुनंदाची एकुलती एक मुलगी. तिचा बाप, मावशीचा धाकटा मुलगा, घरात सगळे त्याला बारक्याच म्हणत, काविळीनं गेला तेव्हा ती शाळेत होती. त्या मांडवात प्रणालीच्या बापाला बोलवायचं होतं. गावातल्या शंभर घरांचे मेलेले जिनं बोलावले तिनं स्वतःच्या घरचं हे एक बोलावणं अजून केलं नव्हतं, कारण बारक्या गेल्यापासून त्या घरात लग्नच झालं नव्हतं.

"दुसरं कायपन नको मना," ती म्हणाली. "त्या दिवसाला मांडवान बसाला पायजे. कोरडी."

मी म्हटलं, मावशी, पॅड लावून बसा की. वरून कुणाला कळणार आहे? आता इतके चांगले पॅड येतात.

"तुना कलत नाय," ती शांतपणे म्हणाली. "रांडमुंड चालते मांडवान. वली नाय चालत. दिव्यासमोर मूत घिऊन बसू?"

गावातल्या कुणीही तिला असं सांगितलेलं नव्हतं. सुनंदाचं म्हणणं होतं की आई तशीच बसली तरी कुणाची काय बिशाद बोलायची. हा नियम मावशीचा स्वतःचा होता, आणि ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना नियम घालून दिले तिला त्यातून सूट कोण देणार?

मग आम्ही कामाला लागलो. हे व्यायाम दिसायला काहीच नसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती पडून आहे. आतले स्नायू वर ओढायचे, धरायचे, सोडायचे. सांगायला सोपं, पण निम्म्या बायका वर ओढायच्या ऐवजी खाली रेटतात, बाळंतपणात रेटल्यासारख्या. मावशीला मी हरतऱ्हेनं समजावलं. पादणं अडवल्यासारखं करा, म्हटलं. ती म्हणाली, "कोलनी कवा अडवते?" पण तिला जमलं. माझ्या बोटाला पहिल्यांदा तो बारीकसा आवळ लागला तेव्हा मी खरंच आनंदले. भाजलेल्या स्नायूत तेवढाही जीव उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी करायला सांगितलं आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. ती सांगायची, रोज करते, सकाळ-दुपार-संध्याकाळ करते. सुनंदा साक्ष द्यायची. पण दर आठवड्याला स्नायू होता त्याहून थकलेला, आणि गळणं वाढलेलं. मला कळेना. शेवटी एक दिवस म्हटलं, घरी करता तसं माझ्यासमोर करा. ती आडवी झाली, डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि गायला लागली.

माझ्या त्या खोलीला प्लायवूडची भिंत आहे. बाहेरच्या बाकावरच्या गप्पा एकदम थांबल्या. आवाज म्हातारा होता, पण फाटलेला नव्हता. खालून, बेंबीच्याही खालून यायचा. एक लांब ओळ, श्वास न तोडता, मग क्षणभर थांबून दुसरी.

मी विचारलं, मावशी, हे काय?

"तू बोल्लीस ना, आकडं मोजत धरून ठेव. मना आकडं नाय जमत. एक ओल गाते तवर धरते, ओल सरली का सोडते."

युक्ती नामी होती आणि पुरती उलटी होती. तो आवाज ज्या जोरावर यायचा तो जोर पोटातून खाली रेटत होता. रोज तीन वेळा ती दुबळ्या स्नायूंवर आपल्या गाण्याचा सगळा भार टाकत होती, आणि वर ते आवळून धरत होती. एका हातानं दार लोटायचं, दुसऱ्या हातानं तेच दार उघडायचं, असं चाललेलं. मी तिला ते समजावून सांगितलं. चित्र काढून दाखवलं. तिचा हात तिच्याच पोटावर ठेवून गायला लावलं, म्हणजे पोट कसं फुगून खाली जातं ते कळावं.

तिनं हात पोटावरून काढला.

"म्हंजे गायले तं गलतंय," ती म्हणाली.

"असं गायलात तर. आपण हळूहळू दुसऱ्या पद्धतीनं शिकू. श्वास सोडताना आवळायचं, बारीक आवाज काढायचा, मग मोठा. होतं ते. पण आत्ता काही महिने गाऊ नका."

ती गायची थांबली. पूर्णच थांबली. सुनंदानं मला सांगितलं, आई पहाटे उठली का गुनगुनत चूल पेटवायची, म्हणजे आता गॅसच हाय पन ती चूलच बोलते, तर तेपन बंद झालं. घर मुकं वाटतं, म्हणाली. मावशीला आकडे जमत नव्हते म्हणून मीच तिला बोटांच्या पेरांवर श्वास मोजायला शिकवलं. इतके श्वास धरायचं, इतके सोडायचं. ती ते एखाद्या पोरीसारखं मन लावून करायची.

आणि फरक पडला. खोकण्याआधी आवळून घ्यायचं तिला जमू लागलं. एक दिवस माझ्यासमोर तिला सणसणीत शिंक आली. ती शिंकली, थांबली, खाली हात लावून बघितलं आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवली. त्या दिवशी ती बाहेरच्या सगळ्या बायकांना शिंकून दाखवायला निघाली होती. पुढच्या वेळी आली ती लुगडं नेसून, गुडघ्याशी खोचलेलं, नव्यानं आलेल्या आखूड केसांत शेवंतीची वेणी. माझ्यासाठी वर्तमानपत्रात बांधून सुके बोंबील आणले होते. माझा दवाखाना दोन दिवस दिवाळ्याच्या बंदरासारखा वास मारत होता, आणि वरच्या मजल्यावरच्या जैन कुटुंबानं सोसायटीकडे तक्रार केली. मी ती तक्रार फार आनंदानं ऐकून घेतली.

त्या दिवसांत आम्ही गाण्याचा श्वास सुरू केला. आधी नुसता हुंकार. मग तोंड मिटून एक ओळ. तिला ते अजिबात आवडत नसे. "डास गातो तसं हाय," म्हणायची. तरी करायची. शेजारच्या एका घरी मांडव होता तिथं ती पाव तास बसून आली, दिवा लावला, दोन ओळी म्हटल्या आणि कोरडी उठली. हे मला सांगताना तिचा आवाज एवढा खाली आला की मला पुढे वाकावं लागलं. मी त्या दिवशी घरी जाऊन माझ्या त्या माणसाला म्हटलं, धर्मीमावशी लग्नाला बसणार. मला खात्री होती.

गणपती झाले आणि ती पुन्हा गाउनमध्ये आली. येऊन उभी राहिली. सुनंदानं निळं प्लास्टिक अंथरलं तरी उभीच.

"खोकले नाय, हसले नाय," ती म्हणाली. "झोपले तरी गलतंय. उटले तरी गलतंय. बाय, मी बरोबर आवलते ना?"

मी तपासलं. स्नायू चांगला होता. आधीपेक्षा कितीतरी चांगला. ती बरोबर आवळत होती, आणि तिनं आवळलेलं असतानाही माझ्या हातमोज्यावरून पाणी येत होतं. मला तेव्हाच समजलं. हातमोजा काढून मी हात धुतले, मग परत धुतले.

शेकानं भाजलेला मांसाचा पडदा कधीकधी कितीतरी उशिरा विरतो. मूत्राशय आणि त्याच्या मागचा योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडतं. मग स्नायू कितीही आवळा, नळ बंद आणि पाइप फुटलेला, अशी गत. हॉस्पिटलात निळ्या रंगाची चाचणी झाली. मूत्राशयात रंग सोडतात आणि मागच्या बाजूला कापूस ठेवतात. कापूस निळा झाला. कॅन्सर परत आलेला नव्हता. डॉक्टरांनी ही गोष्ट आनंदाची म्हणून सांगितली, आणि ती होतीच.

मावशीनं मला सोबत नेलं होतं. शल्यविशारद तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी सांगितलं की भाजलेल्या जागी टाका धरत नाही, भोक शिवून उपयोग व्हायचा नाही. दुसरा मार्ग म्हणजे लघवीची वाट बदलायची. मोठं ऑपरेशन. पोटावर तोंड काढायचं आणि तिथं पिशवी लावायची. खाली कोरडं राहील.

"कोरडं राहील?" मावशीनं विचारलं.

"हो आजी, अगदी कोरडं. लुगडं नेसा, बाजारात जा, लग्नात नाचा."

"नि मूत कया जाल?"

"पिशवीत."

"पिशवी कया रेल?"

डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टावर, पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून दाखवलं.

"म्हंजे माज्याजवल," ती म्हणाली.

ते हसून म्हणाले, दिसणार नाही आजी, वासही येत नाही. त्यांना वाटलं ती घाबरली. मी तिच्या शेजारी बसले होते, मला माहीत होतं की तिचा हिशेब तेवढ्यात संपला होता. आता गळतंय ते आणि पिशवीतलं ते, दिव्यासमोर दोन्ही सारखंच.

रिक्षात मी तिच्याशी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, तुमचा देव काय पोटाच्या पिशव्या तपासत बसतो? सगळ्यांच्याच पोटात लघवी असते, मावशी. नवरीच्या पोटात नसते? भटाच्या नसते?

"असते," ती म्हणाली. "आत असते." आणि पुढच्या सिग्नलला, "तू रागाऊ नको. तू चांगलं शिकवलंस."

मला तिचा राग आला होता, डॉक्टरांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या निळ्या कापसाचा आला होता. रिक्षा दिवाळ्याच्या कमानीपाशी पोचली तेव्हा ती उतरली आणि सीटवरचं प्लास्टिक उचलून रुमालानं खालची सीट पुसली. कोरडीच होती, तरी पुसली.

ऑपरेशनला ती तयार झाली नाही. सुनंदा म्हणाली, वयानं पन एवढं झेपनार नाय, सोडा म्याडम. माझ्याकडे येण्याचं आता काही कारण नव्हतं आणि मी तिला तसं सांगितलं. व्यायामानं भोक बुजत नाही, मावशी, उगाच पैसे आणि पाय कशाला झिजवायचे? ती तरीही येत राहिली, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आडवी व्हायची, आवळायची, सोडायची. मी कातडी सोलवटू नये म्हणून लावायचं मलम द्यायचे, पॅड कसे बदलायचे ते सांगायचे. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. ट्रॅकसूटवाल्या बाईंनी एकदा तिला म्हटलं, मावशी, एखादं गाणं म्हणा ना. ती म्हणाली, "जवान व्हते तवा म्हनायचे." तिला गाणं सोडून सहा महिनेही झाले नव्हते.

तिची जागा घ्यायला गावात कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाला ते शिकायचं नव्हतं, आणि आता तर हळदीला डीजे लागतो. शेवटी सुनंदाच्या माहेरच्या ओळखीनं नावडे गावची एक धवलारीण ठरली. मावशीनं तिला नावं सांगून ठेवावीत असं सुनंदानं सुचवलं. मावशीनं तिला जवळ बसवून देवांची सांगितली, पणज्यांची सांगितली, स्वतःच्या नवऱ्याचं सांगितलं. बारक्यापाशी येऊन थांबली. "त्याचं मना नाय सांगता येत," म्हणाली आणि उठून मोरीत गेली. मग सुनंदानंच ते नाव सांगितलं, पत्रिकेत छापलं होतं ते, रमाकांत.

मला पत्रिका होती. दुपारी हळद होती, मी चारच्या सुमारास पोचले. गल्लीच्या तोंडाशी मांडव, मासळी सुकवायच्या रिकाम्या बांबूंवर पताका बांधलेल्या, डीजेवाला तारा जोडत होता. नावड्याची बाई पाटावर बसली होती, समोर माइक. आवाज गोड होता, पण घाई होती, तिला संध्याकाळी आणखी एक घर होतं. देव बोलावून झाले. पूर्वज आले. पणजा, आजा. मग माइकमधून आलं, रमाकांत ये, मांडवी ये, लेकीच्या हळदी ये, आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

मी मावशीला शोधत घरामागे गेले. मागच्या खोलीत, दाराच्या आत, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. लुगडं नेसली होती. खाली निळं अंथरूण. दार उघडं होतं, तिथून मांडवाची फक्त मागची बाजू दिसत होती, कनातीचा कपडा आणि दोऱ्या.

"आयकलंस?" ती म्हणाली. "रमाकांत. त्याला त्या नावानं मास्तर बोलवायचा, नि रेशनवाला. कोन येल त्या नावानं?"

मी म्हटलं, मावशी, येईल हो, बापच तो.

माझा यातल्या कशावर विश्वास नाही, तरी त्या क्षणी मीसुद्धा कनातीकडे बघत होते.

तेवढ्यात प्रणाली आली. अर्धी हळद लागलेली, गालांवर, दंडांवर, पायांवर, पिवळी साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली. मॉलमध्ये काम करणारी, चटपटीत, मी तिला नेहमी जीन्समध्ये पाहिलेली पोरगी. मागून कुणीतरी हाका मारत होतं, तिनं हातानंच थांबवलं.

"आजी, तिला नाय जमलं. तू बोलव पप्पांना."

मावशीनं नकारार्थी मान हलवली.

"मांडवात नको येऊ. मी कुठे सांगते ये म्हणून? इथूनच बोलव. दारातून. एकदाच."

"नाय."

"का पण? मला काय होत नाय. कोणाला काय होत नाय. आजी, माझं लग्न आहे यार."

ती पुढे आली आणि पाया पडायला वाकली. मावशीनं झटकन दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले, लुगड्याच्या आत, एखादी वस्तू लपवावी तसे.

"शिवू नको. हलद लागलीय तुना."

प्रणाली तशीच वाकलेली राहिली. तिचे पिवळे हात फरशीच्या थोडे वर थांबले होते. मग ती रडायला लागली, लहान मुलांसारखी, नाक ओढत.

"मी हाक मारली तं तो येल," मावशी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माजी हाक हाय, येनारच. दारापरत येल, मना अशी बगल, नि मागं फिरल. वल्या बाईच्या हाकंला मांडवान शिरत नाय कोन. एकदा जेला त्यो बस हाय, बाय. दोनदा नको."

माइकवरून नवरीला बोलावत होते. सुनंदा कनात बाजूला सारून आली, तिनं दोघींकडे बघितलं आणि प्रणालीला खांद्याला धरून उठवलं. पोरगी वळून वळून बघत गेली. मी दोघींच्या मध्ये उभी होते.

मावशी खुर्चीवरून उठली. खालचं प्लास्टिक ओलं होतं. तिनं ते घडी न घालता तसंच हातात घेतलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा मांडवान. जेवल्याबिगर जाऊ नको," आणि दार लोटून आतून कडी घातली. मी मांडवात जाऊन बसले. पंगत बसली होती, कुणीतरी माझ्यापुढे पान मांडलं.